सतरा झिप डिस्क आणि गुरुजींचं पुस्तक: प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४, सांगली

काल गणपती बसले. आरती आटोपते न आटोपते तोच दादांचा फोन. "माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून ठेवलीय. घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेतोय बघ." आज दुपारी जाऊन आणली.

दादांचा खणभागात छापखाना होता. मराठी टायपिंग तीस पास झाल्या झाल्या १९९८ साली मी तिथं डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले आणि २००३ पर्यंत राहिले. त्या काळात एक निवृत्त शिक्षक रोज संध्याकाळी येऊन बसायचे. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं त्यांनी वह्यांत उतरवलं होतं. भोपळा कसा निवडायचा, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) किती पातळ ठेवायची, जवारी कशी काढायची, सगळं कारागिरांच्याच शब्दांत. १९९९ च्या पावसाळ्यात मी ते पेजमेकर ६.५ मध्ये, म्हणजे पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये, लावलं, १४० पानं. ट्रेसिंग, म्हणजे छपाईची प्लेट करायला लागणारी पारदर्शक प्रत, निघायच्या आधीच पैसे संपले. पुढं गुरुजी गेले आणि वह्या २००५ च्या पुरात गेल्या.

यंदा मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी वाचून गुरुजींच्या मुलीनं, ताईंनी, दादांना विचारलं, "बाबांचं ते पुस्तक कुठं आहे?" दादांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

पेटीत निघालं ते असं. शंभर एमबीच्या सतरा झिप डिस्क, म्हणजे फ्लॉपीच्याच जातीच्या पण जाड. प्रिंटर पोर्टला लागणारा निळा झिप ड्राइव्ह, पाच व्होल्टच्या अडॅप्टरसकट. फॉन्टचं एक लॉक, जे कॉम्प्युटरला लावल्याशिवाय फॉन्ट चालायचा नाही. आणि माझ्याच हातची लेबलं: "लग्नपत्रिका ९९", "द्राक्ष पत्रकं", "नाटक तिकिटं", "मिरज जुनी कॉपी", "मिरज फायनल". चौदा डिस्क माळ्यावर होत्या म्हणून २०१९ च्या पुरातून वाचल्या. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. उरलेल्या तीन २००५ मध्ये टेबलाच्या खालच्या खणात होत्या. त्यांच्या झडपेखाली अजून माती दिसते.

१० सप्टेंबर

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आताच्या लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट नसतो. बाजारात मिळणारी यूएसबीची प्रिंटर केबल चालेल असं वाटून २५० रुपये घालवले. ती केबल फक्त प्रिंटरशी बोलते, झिप ड्राइव्ह तिला कळतच नाही. शेवटी दादांकडचाच २००३ चा पीसी आणला. पंख्यातली धूळ काढली, बायोसची बॅटरी बदलली, आणि विंडोज ९८ उठलं. तो सुरू होतानाचा आवाज ऐकून एकदम भूक लागली. तेव्हा नऊला मशीन चालू करून मी डबा उघडायचे, त्याची आठवण असावी.

पहिल्या चार डिस्क विनातक्रार वाचल्या. पाचवी, लग्नपत्रिकांची, घातली तर आतून टक्, टक्, टक्, घड्याळासारखं. मला वाटलं डिस्क खराब असेल. ड्राइव्ह ठीक आहे ना ते बघू म्हणून सहावी घातली. तिचंही टक् टक्. घाबरून बंद केलं.

सहावी म्हणजे "मिरज जुनी कॉपी".

रात्री भाच्याला फोन केला. तो वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मावशी, टक् टक् करणाऱ्या ड्राइव्हमध्ये दुसरी डिस्क कधीच घालायची नसते गं." हे त्यानं आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, किंवा मी आदल्या दिवशी विचारायला.

११ सप्टेंबर

भाचा आला आणि त्यानं टॉर्च लावून दाखवलं. झिप डिस्कची लोखंडी झडप बाजूला सरकवून मागची धातूची चकती बोटानं हळूच फिरवायची आणि आतल्या फिल्मची कड बघायची. पाचव्या डिस्कच्या कडेला बारीक दातरा पडलेला होता, नखाच्या टोकाएवढा. सहावीलाही तसाच, पण ताजा, कड पांढरट दिसणारा.

झालं असं. ड्राइव्हमध्ये फिल्मच्या वर आणि खाली एकेक हेड असतं आणि दोन्ही कडेकडून आत सरकतात. वाटेत ट्रॅकच्या खुणा सापडल्या नाहीत की हेड मागं जातं आणि पुन्हा पुढं येतं. तो मागं-पुढं होण्याचा आवाज म्हणजे टक् टक्. कड फाटलेली असेल तर हेड त्यात अडकून वाकतं. मग ते वाकलेलं हेड पुढच्या चांगल्या डिस्कची कड फाडतं, आणि ती डिस्क पुढचा ड्राइव्ह बिघडवते. झिपवाल्यांत याला "मरणाची टकटक" म्हणायचे. १९९५ मध्ये हा ड्राइव्ह बाजारात आला आणि दोन-चार वर्षांतच हे नाव त्याला चिकटलं. आमच्या छापखान्यात तो आवाज कधी आला नाही, म्हणून मला माहीत नव्हतं.

पाचवीची खोड सहावीला लागली ती माझ्या हातून. जुनी कॉपी गेली. आता सगळी भिस्त अकरावीवर, म्हणजे "मिरज फायनल"वर. निळ्या ड्राइव्हवर लाल चिकटपट्टी लावली.

१९ सप्टेंबर

पुण्याहून जुन्या सामानाच्या दुकानातून यूएसबीचा २५० एमबीचा झिप ड्राइव्ह आला. तो शंभरच्या डिस्कही वाचतो. आधी दुकानदारानंच दिलेली कोरी डिस्क घालून अर्धा तास ऐकत बसलो. आवाज स्वच्छ, बारीक गुणगुण. दुसऱ्या ड्राइव्हची चौकशी दोन ठिकाणी केली, नाही मिळाला. म्हणजे हाच एक.

भाच्यानं कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलंय: "कड बघितल्याशिवाय डिस्क आत नाही." त्याच्या आईला ते आवडलेलं नाही.

बाकी डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यात. दोन डिस्कच्या फिल्मवर पांढरे ठिपके दिसतात, बुरशीचे असावेत. ताई म्हणाल्या, स्पिरिटनं पुसून घे. पुसणार नाही. फिल्मवरचा थर निघाला तर अक्षरंही त्याच्याबरोबर जायची.

२२ सप्टेंबर

विंडोजवर काम करायचं नाही असं ठरलं. वाचता न येणाऱ्या जागी विंडोज हट्टानं तेच ते मागत बसतं, मशीन गोठतं आणि तेवढा वेळ हेड फिल्मवर घासत राहतं. शिवाय फ्लॉपीला जशी लिहिणं बंद करायची खिट्टी असते तशी झिपला नाही. लिहिण्याची बंदी ड्राइव्हला हुकूम देऊनच घालावी लागते. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स, आणि त्यावर खराब डिस्कमधून माहिती काढणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम.

डीडीरेस्क्यूची रीत मला पटली. शहाणी बाई बाजारात आधी चांगली भाजी उचलते आणि किडकी निवडायला नंतर बसते, तसं. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं घ्यायचं, अडलं की तिथून उडी मारून पुढं जायचं. कुठं काय घेतलं आणि काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फायलीत ठेवला जातो. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होतं. (दुपारी वीज गेलीच.) राहिलेल्या जागांसाठी पुढच्या फेऱ्या. फायली उघडून बघायच्या नाहीत, आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायची, एक लाख शहाण्णव हजार सहाशे आठ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), प्रत्येकी ५१२ बाइट. डिस्क मग डब्यात परत. पुढचं सगळं काम प्रतिमेच्या कॉपीवर.

आज सहा डिस्क झाल्या, सगळ्या पूर्ण.

२९ सप्टेंबर

आणखी चार. त्यातल्या एकीवर दादांच्या उधारीचा तक्ता निघाला. प्रिंट काढून त्यांना दिला. चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला. "ह्यानं तेराशे पन्नास बुडवले होते बघ. परवा भेटला तर मलाच चहा पाजून गेला." तक्ता घडी घालून खिशात ठेवला. वसूल करणार आहेत का, ते विचारलं नाही.

४ ऑक्टोबर

अकरावी. कड धड आहे. तीनदा बघितली, एकदा भाच्यानं, दोनदा मी.

पहिल्या फेरीत सुरुवातीचा भाग सरसर आला आणि मग वेग एकदम पडला. टक् असा एकच आवाज आला, मी थेट प्लगला हात घातला. भाच्यानं हात धरला. तो आवाज हेड जागेवर जाताना होतो म्हणे. पण दोघांचंही तोंड उतरलं होतं. फेरी संपली तेव्हा सुमारे १,९०० सेक्टर राहिले होते. आज इतकंच.

५, ६, ७ ऑक्टोबर

तीन रात्री. दुसरी फेरी शेवटाकडून उलटी चालवली, त्यात बरेच आले. मग डिस्क बाहेर काढून, दहा मिनिटं ड्राइव्ह थंड होऊ देऊन पुन्हा घातली. दर वेळी ती आत किंचित वेगळी बसते आणि अडलेल्या जागा सुटतात. ताईंनी विचारलं, हे काय जपमाळ ओढल्यासारखं चाललंय? जवळजवळ तसंच.

१,९०० वरून ६४०. ६४० वरून ३०५. शेवटी २१२ वर थांबलो. शेवटच्या आठ फेऱ्यांत एकही नवा सेक्टर आला नाही. म्हणजे एक लाख आठ हजार बाइट गेले. आकडा बारीक वाटतो, पण ते कुठले बाइट हा प्रश्न आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

यंत्रपूजा. दोन्ही ड्राइव्ह पाटावर ठेवले, लाल पट्टीवालाही. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं. हळद सांगलीचीच, पण ड्राइव्हच्या तोंडापासून चार बोटं लांब ठेवायला लावली.

संध्याकाळी भाच्यानं एक युक्ती केली. प्रतिमेच्या कॉपीत राहिलेल्या २१२ जागी "खराब" हा शब्द रोमन अक्षरांत भरून टाकला आणि कुठल्या फायलींत तो सापडतो ते शोधलं. बहुतेक जागा रिकाम्या निघाल्या किंवा द्राक्षाच्या फोटोंत. पुस्तकाच्या फायली सहा, त्यातल्या पाच पूर्ण. चौथीत "खराब" तीनदा आला. चौथी फाइल म्हणजे जवारीचं प्रकरण.

१५ ऑक्टोबर

एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये वेलांट्या-काने धरून एक मराठी शब्द साधारण सात बाइटांचा पडतो. म्हणजे सेक्टरला सत्तरेक शब्द. तीन सेक्टर म्हणजे दोनशे दहा शब्द. गुरुजींच्या लिहिण्यात तेवढ्यात एक पूर्ण जवारी काढून व्हायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला कळेल न कळेल असा उतार असतो. तार त्यावर टेकत टेकत सुटते, म्हणून सूर नुसता न वाजता घुमतो. तो उतार कानशीनं घासून काढायचा, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. त्यात तारेखाली दोरा सरकवून जागा शोधायची, तो दोरा म्हणजे जीवा. कारागिरांनी हे गुरुजींना करून दाखवलं होतं, आणि गुरुजींनी कानशीचा प्रत्येक फेरा लिहिला होता. नेमका तोच मजकूर गेला.

२० ऑक्टोबर

राहिलेल्या मजकुराचं युनिकोड, म्हणजे आज सगळ्या मशीनवर वाचता येणारी अक्षरं, करायला घेतलं. मला वाटलं होतं डिस्क उघडली की काम संपलं.

त्या वेळचा कुठलाही डीटीपी फॉन्ट घ्या, श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. अक्षर साठवलं जायचंच नाही, साठवला जायचा अक्षराचा तुकडा. इंग्रजी अक्षरांच्या, पदवीच्या चिन्हाच्या, पौंडाच्या चिन्हाच्या जागेवर कुठं अर्धा ण, कुठं नुसता काना, कुठं रफार. ताईंना कौतुकानं पहिलं पान मेलवर पाठवलं तर त्यांना दिसली रोमन अक्षरं आणि उलटीसुलटी चिन्हं. "बाबांनी हे लिहिलंय?" म्हणाल्या.

पहिली वेलांटी फायलीत अक्षराच्या आधी येते, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. रफार उलट: फायलीत अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. "कीर्ती" म्हटलं की रूपांतर करणारा प्रोग्राम रफार कुठं टाकेल सांगता येत नाही. भाच्यानं लिहिलेल्या प्रोग्रामनं पहिल्या दिवशी "कार्यक्रम"चं "कायर्क्रम" केलं, ते मी जपून ठेवलंय.

शिवाय आमच्या फॉन्टची आवृत्ती जुनी. नेटवर मिळालेल्या तक्त्यात तिच्या अकरा खुणा नव्हत्याच. तिथं माझी बोटं कामाला आली. एकवीस वर्षं टायपरायटर कीबोर्डला हात लावला नव्हता. डोळे मिटून "ज्ञानेश्वर" टाइप करायला घेतलं आणि करंगळी आपोआप वर गेली. कुठल्या कळीला काय होतं ते डोक्यात नव्हतं, बोटांत होतं. भाचा कळांचे आकडे लिहून घेत होता. अकरातल्या नऊ अशा सापडल्या. उरलेल्या दोन दादांकडच्या जुन्या लग्नपत्रिकेवरून. त्यात "श्रीकृपेकरून" असतंच.

२७ ऑक्टोबर

मातीच्या तीन डिस्क. चांगल्या ड्राइव्हमध्ये घालायच्या नाहीत हे पक्कं. एकीचं कवच सुरीनं उकललं, फिल्म डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवून धुतली, सावलीत वाळवली आणि दुकानदारानं दिलेल्या कोऱ्या डिस्कच्या कवचात बसवली. कवच साधं घेऊन चालत नाही. झिपच्या कवचावर कोपऱ्यात प्रकाश परतवणारा एक ठिपका असतो, तो दिसला नाही तर ड्राइव्ह हेड बाहेरच काढत नाही. कड स्वच्छ होती, तरी लाल पट्टीवाल्या ड्राइव्हमध्येच घातली. टक् टक् टक्.

डिस्क बाहेर येईना. ड्राइव्हच्या मागं बारीक भोक असतं, वीज बंद करून त्यात सरळ केलेली टाचणी खुपसली तेव्हा निघाली. तिन्ही आता डब्यात, "बंद" असं लिहून. त्यांत पत्रकंच होती.

३ नोव्हेंबर

दिवाळीत भाचा मोकळा होता, म्हणून चौथ्या फायलीकडं परत वळलो. तेव्हा मला पेजमेकरची एक सवय आठवली. प्रेफरन्समध्ये सेव्ह करायच्या दोन तऱ्हा होत्या, लहान फाइल किंवा झटपट सेव्ह. झटपट असलं की नवं लिहिलेलं शेवटी जोडलं जायचं, जुनं तसंच आत पडून राहायचं. फाइल फुगत जायची, मग "सेव्ह ॲज" करून ती बारीक करावी लागायची. दादा मला रोज ओरडायचे, "सेव्ह ॲज कर गं, डिस्क भरतीय." मी करत नव्हते. पंचवीस वर्षांनी त्या आळसाचं व्याज मिळालं.

चौथ्या फायलीत जवारीचा मजकूर आणखी एकदा सापडला, आधीच्या दुरुस्तीचा. तीन खड्ड्यांपैकी पहिला आणि तिसरा त्यातून भरून निघाले. चार-दोन शब्द वेगळे आहेत. गुरुजींनी नंतर "घासणे"चं "उतरवणे" केलं होतं, ते पुढच्या-मागच्या वाक्यांवरून कळतं. तिथं आम्ही "उतरवणे" ठेवलं आणि तळटीप दिली.

दुसरा खड्डा तसाच राहिला. गुरुजींनी तो परिच्छेद नंतर घातलेला असावा, जुन्या मजकुरात तो नाहीच.

१० नोव्हेंबर

मिरजेला गेले, सतारमेकर गल्लीत. ज्यांच्या बोलण्यातला तो परिच्छेद, ते कारागीर आता नाहीत. त्यांच्या मुलानं पुढचं-मागचं वाचून ऐकलं. हातात घोडी घेतली, कानस घेतली, पाच-सहा मिनिटं घासून दाखवलं. "वडील हेच सांगत असणार. पण शब्द काय वापरले ते मी कसं सांगू? ते बोलायचे वेगळे." मोबाइलवर चित्रण करून घेतलं.

परत येताना भाचा म्हणाला, यावरून सत्तर शब्द लिहून टाकू, कुणाला कळणार नाही. खरंच कळलं नसतं. ताईंना विचारलं, त्या गप्प बसल्या. दादांना विचारलं. ते म्हणाले, "जागा मोकळी सोड. ओळी मोजून सोड."

सोडली. आठ ओळी, बाजूला बारीक अक्षरांत चित्रणाचा उल्लेख.

२४ नोव्हेंबर

प्रूफ. लेझर प्रिंट, १४८ पानं. ताई दुपारी आल्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून वाचत राहिल्या. चहा दोनदा गार झाला. पाच वाजता चौथं प्रकरण उघडून माझ्यासमोर धरलं. "हे बाबांनी असं लिहिलं नसेल. 'जबारी'?"

बघितलं. पहिल्या पानावर "जवारी", दुसऱ्यावर "जबारी", आणि तिथून पुढं "जबारी"च. ब आणि व, एक दिवस बोट घसरलं आणि नंतर तसंच घसरत गेलं असणार. गुरुजींनी प्रूफ तपासलं नव्हतं, ट्रेसिंगच निघालं नव्हतं ना.

दुरुस्ती: "जबारी"चं "जवारी", चौदा ठिकाणी. चूक ऑपरेटरची, १९९९.